पोलीसपाटलाने कात टाकली तेव्हा

धरणगाव,
गणपती उठल्याच्या दुसऱ्या दिवशी

आदरणीय अभिमनभाऊ यांस लोटनचा नमस्कार. (डाव्या कोपराला मलम लावलेलं असल्यामुळे एका हाताचा, पण मनापासून.) तुमचा गुडघा आता कसा आहे? ताईबाई वहिनींचं बीपी? देवपुरात डास फार झाले असं ऐकलं. त्यावर माझ्याकडे एक उपाय आहे. तो मोरीजवळ ठेवावा लागतो आणि दिसायला जरा खडबडीत आहे, पण ते नंतर.

हे पत्र ज्या टेबलावर लिहितो आहे ते टेबल मी स्वतः केलेलं आहे (पाडलेल्या जिनिंगच्या दाराचं सागवान, एकही खिळा नाही). वरचा दिवा मी केला. चष्म्याची काडी मी बसवली. दुकानातलं तार गुंडाळायचं यंत्र, मोरीचा उतार, तुळशीभोवतीची जाळी, सुलक्षणाच्या डाव्या पायातल्या तुटक्या जोडव्याला दिलेला डाग (सोनार म्हणाला होता नवीन घ्या), कॅमेऱ्यावर भिंग उलटं बसवायची कडी (पाण्याच्या पाइपाचा कपलर, आतून पॉलिशपेपरनं घासून), फ्लॅशचा उजेड मऊ करणारी वाटी, जमिनीलगत सरकणारी गाडी, हे बठ्ठं मी माझ्या हातानं केलं, कुठेही शिकायला न जाता. शेजारी ठेवलेला चहाही मीच केलेला आहे. त्याच्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

फोन न करता पत्र का, असं तुम्ही विचाराल. भाऊ, तुम्ही फोन स्पीकरवर टाकता. मी एक वाक्य बोलतो आणि तुमच्याकडे चार माणसं हसतात, त्यात एक हसू माझ्या ओळखीचं असतं. पत्राला स्पीकर नाही. शिवाय मला वस्तुस्थिती क्रमानं मांडायची आहे. सुलक्षणा तुम्हाला राखी बांधायला देवपूरला आली ती चार दिवसांसाठी. राखी झाली, पोळा झाला, गणपती बसले आणि उठले. हे पत्र तिच्याबद्दल नाही. ती माहेरी आहे, सुखात आहे, तिनं हवं तितकं राहावं. पण परवा तुम्ही म्हणालात, "लोटनराव, बेडकापायी बायको घालवली म्हणे?" या एका वाक्यात दोन चुका आहेत आणि त्या मी राहू देऊ शकत नाही.

पहिली चूक. तो बेडूक नाही, भेक आहे. बेडूक गुळगुळीत, ओला, पाण्याकाठचा, माणूस दिसला की उडी मारून पळणारा. भेक खडबडीत, कोरडा, घराच्या आसऱ्यानं राहणारा आणि चार पायांवर चालत जाणारा. (फारच घाई असली तर छोटी उडी घेतो, पण ते त्याला आवडत नाही हे तोंडावर दिसतं.) गावात दोघांनाही बेडूकच म्हणतात, मीही पन्नाशीपर्यंत म्हणत होतो. पण भाऊ, तुम्ही एसटीत वाहतूक नियंत्रक होता. साध्या गाडीला कोणी निमआराम म्हटलं असतं तर तुम्ही ऐकून घेतलं असतं का? दुसरी चूक 'घालवली' या शब्दात आहे. त्यासाठी मला थोडं मागून यावं लागेल.

मागच्या वर्षी एका शेतकऱ्यानं विहिरीवरची जळालेली मोटार नवी तार गुंडाळून भरायला आणली. पंख्याचं झाकण उघडलं तर आत हे महाशय बसलेले. मोटार कशानं जळाली ते मी विचारलं, त्यांनी सांगितलं नाही. तारेचा गेज बघायचं माझं भिंग हातात होतंच, ते सहज त्यांच्या डोळ्यावर धरलं. भाऊ, मी तुम्हाला काय सांगू. आडवी काळी बाहुली आणि तिच्याभोवती सोन्याच्या बारीक तारा, एकीला लागून एक, कुठे मोकळी जागा नाही, कुठे ओढाताण नाही, कुठे तार तारेवर चढलेली नाही. मी तीस वर्षं मोटारी भरतो आहे. इतकी सफाई माझ्या हातून दोनदाच झाली. डोळ्यांवर काळी कड, काजळाची काडी फिरवावी तशी. बोटांची टोकंही काळी, जणू तोही दिवसभर वॉर्निशमध्ये हात घालून आला आहे. मला तो आपल्या धंद्यातला वाटला. मी त्याला घरी आणून मोरीच्या दगडाजवळ सोडला, तो तिथेच राहिला. दिवेलागणीला बाहेर यायचा, तुळशीजवळच्या दिव्याखाली बसायचा, कोण आलं कोण गेलं ते न बोलता बघायचा. म्हणून सुलक्षणानं त्याचं नाव पोलीसपाटील ठेवलं. नाव तिनं ठेवलं, हे लक्षात असू द्या.

आता असा डोळा बघितल्यावर त्याचा फोटो काढावा असं कोणालाही वाटेल. मोबाइलवर काढला तर काजू कतलीवर मुंग्या बसल्यासारखं काहीतरी आलं. मग जळगावच्या एका लग्नवाल्या फोटोग्राफरची पिठाची गिरणी बंद पडली होती (त्याला दोन धंदे होते, दोन्ही अर्धवट), तिची मोटार मी भरून दिली आणि त्यानं मला त्याचा जुना कॅमेरा दिला. जवळचा फोटो काढायला वेगळी महागाची लेन्स लागते असं तो म्हणाला. मी घरी येऊन साधी लेन्स उलटी धरली. जे भिंग दूरचं लहान करतं ते उलटं धरल्यावर जवळचं मोठं करणारच, यात शिकण्यासारखं काय आहे? फक्त मग भेकाच्या नाकापासून चार बोटांवर जावं लागतं, आणि जमिनीवर पालथं पडल्याशिवाय त्याचा डोळा समोर येत नाही.

इथून सामानाचा विषय सुरू होतो. फ्लॅशचा उजेड थेट पडला की त्याच्या अंगावरचा प्रत्येक खवडा टाचणीसारखा चमकतो, म्हणून मधे काहीतरी दुधी लागतं. घरात दुधी वस्तू एकच होती, संक्रांतीच्या वाणातली प्लास्टिकची वाटी. मी तिचा तळ कापला. (वाटी कुणाच्या वाणातली ते मला माहीत नव्हतं. ती ताईबाई वहिनींनी दिलेली होती. हे तुम्ही त्यांना सांगू नका, आणि सुलक्षणानं आधीच सांगितलं असेल तर माझ्याकडून माफी मागा.) जमिनीलगत कॅमेरा सरकवायला सपाट गोल फळी हवी होती, ती पोळपाटाच्या रूपानं मिळाली. खाली पाणबुडी मोटारीचं बेअरिंग बसवलं. असा फिरणारा पोळपाट सबंध तालुक्यात नाही. सुलक्षणानं त्यावर एक पोळी लाटून पाहिली, पोळी स्वतःभोवती फिरत खाली उतरली. मागचा पांढरा पडदा म्हणून कुरडया वाळवायचं धोतर घेतलं. त्या दिवशी ती दारात उभी राहून म्हणाली, "आते हाई बी गयं का?" पण रागानं नाही. नवीन पोळपाट आणला, धोतर धुऊन वाळत घातलं, आणि पोलीसपाटलाला म्हणाली, "पाटील, तुम्हना थाट शे बुवा." मी हे मुद्दाम लिहितो आहे, कारण तुमच्याकडे असं चित्र आहे की तिला पहिल्यापासून राग होता. नव्हता.

शेजाऱ्यांचं वेगळं आहे. एका संध्याकाळी मी ओट्याखाली पालथा पडलो होतो, श्वास रोखून (श्वासानं पोळपाट हलतो), आणि पाटील माझ्यासमोर एक मुंगळा गिळत होता. गिळताना भेक डोळे मिटतो ते चवीनं नाही. डोळ्यांचे गोळे आत दाबून तो घास खाली ढकलतो. मी स्वतः बघून खात्री केली आहे. तो क्षण येणार, डोळे अर्धे मिटलेले, आणि तेवढ्यात शेजारच्या कुंदाबाईंनी कुंपणावरून माझे नुसते पाय बघितले. "लोटनभाऊले फिट उनी!" एवढंच ऐकू आलं. पुढच्या क्षणी कोणीतरी माझी मान वर केली आणि फोडलेला कांदा नाकात कोंबला. मी बोलायला तोंड उघडलं तर तोंडात चमचा. पाटील निघून गेला. कुंदाबाई अजून सांगतात की त्यांनी मला वाचवलं, आणि माझ्या कोपरावर चामखीळ आली ती बेडकाला हात लावल्यामुळे. ती चामखीळ माझ्या लग्नातल्या फोटोतही आहे. (मलम चामखिळीचं नाही. कोपर शहाबादी फरशीवर घासून सोललं आहे.)

तर असं सगळं बरं चाललं होतं. तुमच्या भाचीनं, आमच्या मोनालीनं, नाशिकहून मला फोटोवाल्यांच्या एका ग्रुपमध्ये घातलं. तिथे पाटलाचं नाव झालं. विशेषतः त्याच्यामागे जो हिरवा, मऊ, धुक्यासारखा रंग यायचा त्याची फार चर्चा. हे कोणतं झाड, असं लोक विचारायचे. मी लिहायचो, "खानदेशातला निसर्ग."

आणि मग श्रावणातली कानबाई देवी आली. यंदा कानबाई आमच्या घरी बसली होती. सगळे भाऊबंद, रोटांचा नैवेद्य, रात्रभर गाणी, फुगड्या. तुम्हाला ठाऊकच आहे, सकाळी देवी डोक्यावर घेऊन निघायचा मान यंदा सुलक्षणाचा होता. तिनं मला काय मागितलं असेल? साडी नाही, काही नाही. म्हणाली, सबंध घरानं तुमचा कॅमेरा सहन केला, तर देवी डोक्यावर घेऊन मी दारातून बाहेर पडते तेवढा एक फोटो काढा. मी म्हटलं, एक काय, दहा. आदल्या दिवशी दुपारी तिला दारात उभं करून उजेड मोजला. डोक्यावर देवीऐवजी घमेलं दिलं होतं. फ्लॅशला नवीन वाटी कापली. (ही बाजारातून आणलेली.) अंगणात मी उभा राहायची जागा खडूनं आखली. तयारीत माझी कसर नव्हती, हे तिनंही मान्य केलं पाहिजे.

सकाळी मी खडूच्या खुणेवर उभा. आतून "कानबाई माय की जय" झालं. ताशा सुरू झाला. आणि माझं लक्ष, फक्त एक क्षण, तुळशीकडे गेलं. पोलीसपाटील एरवी सकाळी दगडाखाली असतो. त्या रात्री घरभर दिवे, दिव्यांवर किडे, म्हणून तो बाहेरच राहिला असणार. तो पाठ कमानीसारखी वाकवून बसला होता आणि जांभया देत होता. भाऊ, भेक जांभया देत नाही. जांभया दिसल्या याचा अर्थ एकच, तो कात टाकत होता. आपण घट्ट बनियन काढतो तशी तो पुढच्या हातांनी स्वतःची कातडी डोक्यावरून ओढतो, आणि ओढता ओढता खातो. सगळी. आतून नवा कोरा, ओला, ताज्या वॉर्निशसारखा भेक निघतो. हे वर्षभर मी शोधत होतो. ते पान खाऊन थुंकायला लागेल तेवढ्या वेळात संपतं.

मी विचार केला नाही. केला असता तर दोन्ही फोटो चुकले असते. पोळपाट खाली टाकला आणि पालथा झालो.

पुढचं मी ऐकलेलं सांगतो, कारण माझा डोळा कॅमेऱ्यात होता. सुलक्षणा देवी डोक्यावर घेऊन उंबऱ्याबाहेर आली. पदर, नथ, सगळं नीट, मान ताठ. मी दिसेना म्हणून ती थांबली. ताशावालाही थांबला. मग तिनं नजर खाली केली (मान हलवता येत नव्हती), तर तिच्यापासून हाताच्या अंतरावर तिचा नवरा जमिनीवर, तोंड तुळशीकडे, आणि बाकीचा भाग देवीकडे. सगळे भाऊबंद बघत होते. तोतारामनाना ओरडले, "कानबाई मांगे शे रे लोटन, मांगे!" मी हातानं खूण केली की थोडं थांबा. भाऊ, देवीला थांबा म्हणणारा माणूस आमच्या भाऊबंदकीत आजवर झालेला नाही, असं नाना आता चारचौघांत सांगतात.

ती थांबली. हे मला नंतर कळलं. मला वळसा घालून ती तुळशीच्या पलीकडे बराच वेळ थांबली होती, आणि मग गेली.

कार्डावर देवीचा एकही फोटो नव्हता. तिनं रोटाची भांडी घासली, पाहुणे वाटेला लावले. राखीच्या आधी पिशवी भरताना म्हणाली, "मी देवपूरले जास. तुम्हना सैपाक पोलीसपाटील करी." हे मी हसण्यावारी नेलं. दारातून मागे वळून तिनं आणखी एक वाक्य टाकलं, "मन्हाकडे कधी इतलं बारीक देखं का?" यावर मी उत्तर दिलं नाही, कारण प्रश्नात कोणत्या अंतरावरून ते स्पष्ट नव्हतं. म्हणजे बघा, मी तिला घालवली नाही. ती गेली. ही तुमची दुसरी चूक.

ती गेली आणि चमत्कारिक गोष्ट झाली. पोलीसपाटीलही यायचा बंद झाला. दिवा तोच, जागा तीच, मी तोच. मला वाटलं दिव्याचा रंग बदलला असेल, दिवा बदलला. मला वाटलं ओल कमी पडली, ठिबकच्या नळीला बारीक भोकं पाडून तुळशीजवळ फवारा बसवला. (आपल्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते तुम्हाला माहीत आहे, हा फवारा मी स्वतःच्या अंघोळीतून वाचवून चालवला.) पाटील नाही. मग मी काम जसं करतो तसं केलं. मोटार बंद पडली की आधी लाइन कुठून येते ते बघायचं. मी जुने फोटो उघडले, चांगले नाहीत, बिघडलेले, जे कडेला काहीतरी आल्यामुळे बाजूला टाकले होते. एकात कडेला परात. एकात हंड्याचा तळ. एकात टाच. आणि मग मला दिसलं की ती रोज संध्याकाळी भाकरी झाल्यावर परातीतलं उरलंसुरलं पीठ तुळशीपाशी झटकायची. पिठाला मुंग्या यायच्या. मुंग्यांना पाटील यायचा. हंड्यातलं शिळं पाणी तिथेच ओतायची, म्हणून दगडाखाली गार राहायचं. मी वर्षभर समजत होतो की तो माझ्या दिव्याला येतो.

आणि तो हिरवा रंग. तो रंग फक्त संध्याकाळच्या फोटोत आहे, आणि तो हलतो. एका फोटोत त्याला काठ आहे. भाऊ, ती तिची घरात नेसायची पोपटी साडी आहे. मी पालथा पडलेलो असायचो आणि ती पाटलाच्या मागे उभी राहून माझं संपायची वाट बघायची. ग्रुपमध्ये मी अजून दुरुस्ती टाकलेली नाही.

म्हणून एवढंच विचारायचं होतं की पीठ किती झटकायचं आणि पाणी किती ओतायचं, ते सुलक्षणाला विचारून कळवावं. मी पीठ झटकून पाहिलं, माझ्या मापानं कुंदाबाईंची कोंबडी आली. प्रमाण चुकतं आहे. हाच या पत्राचा विषय, दुसरा काही नाही.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला ऊब देत जा. गुडघ्याचा पट्टा तुम्ही बाजारातून घेऊ नका, मी करून पाठवतो.

तुमचा,
लोटन

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात पोलीसपाटील येऊन दिव्याखाली बसला. अंगानं उतरलेला दिसतो, पण आला. तेव्हा पीठ आणि पाणी विचारायचं कारण राहिलं नाही. ते सोडून द्या. सुलक्षणाला तरीही पाठवावं. अमळनेरमार्गे सकाळची जी गाडी येते तिला गर्दी कमी असते, हे तुम्हीच मला सांगितलेलं आहे. पितृपक्ष लागला असं म्हणू नका, पितृपक्षात लोक मोटारी भरायला टाकतातच की. स्टँडवर मी येईन. कॅमेरा घेऊन येईन, आणि कॅमेऱ्याला भिंग सरळ लावलेलं असेल.

दुसरा ता. क. हा मजकूर तुम्ही तिला वाचून दाखवला तरी चालेल, स्पीकरवरसुद्धा. कात टाकतानाचे जे फोटो आले त्यातला एक सगळ्यांत चांगला आहे. पाटलानं कातडी तोंडात धरलेली, दोन्ही डोळे उघडे, धार अशी की तारा मोजाव्यात. त्याच्या मागे, हाताच्या अंतरावर, दोन पाय थांबलेले आहेत. आलता, पैंजण, काठपदराची निरी, आणि डाव्या पायाच्या जोडव्यावर मी दिलेल्या डागाचा ठिपका. देवी फोटोत नाही, पण देवी ज्या पायांवर उभी होती ते आहेत. मी कार्डावर देवीचा एकही फोटो नाही असं वर लिहिलं, ते तेवढं दुरुस्त करून घ्यावं. हा फोटो ग्रुपमधून पुण्याच्या एका कॅलेंडरवाल्यांनी बघितला. जुलैच्या पानावर टाकतो म्हणाले, फक्त मागचे पाय कापून द्या, भेकावरून लक्ष उडतं. मी त्यांना कळवलं की पाय कापून मिळणार नाहीत. त्यांनी दोनदा फोन केला, रक्कम वाढवली, मी दोनदा नाही म्हटलं. शेवटचा आकडा होता रुपये पंचवीस हजार फक्त.